एक नंबरचा बिल्ला

गेल्या पौषातल्या एका सोमवारी, सकाळी पावणेदहाला, निपाणीतल्या माझ्याच दवाखान्यात मी तपासणीच्या टेबलावर आडवा झालो. त्या दिवशी अजून एकही रुग्ण तपासला नव्हता. बाहेर पंचवीस-तीस माणसे बसली होती.

त्याआधीचे दोन आठवडे जिना चढताना छातीत जळजळ होत असे. मी ते पित्त ठरवले होते आणि कपाटातल्या, कंपन्यांनी दिलेल्या नमुन्याच्या गोळ्या घेत होतो. हीच तक्रार दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मी त्याला ईसीजीशिवाय घरी सोडले नसते. जेवण दुपारी चारला, झोप तुटक. देवापुढे हात जोडणे तेवढे चालू होते, पण ती नुसती सवय उरली होती. मागणे नव्हते, ऐकणेही नव्हते.

दवाखाना वडिलांनी सुरू केला. नंबरासाठीचे पितळी बिल्ले त्यांच्याच वेळचे आहेत. एक नंबरचा बिल्ला ते रोज सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवत आणि रुग्ण दोनपासून सुरू होत. लोक त्याला देवाचा नंबर म्हणत. त्या सोमवारी मी ही प्रथा बंद केली. गर्दी वाढली आहे, एकपासून सुरू करा, असे मी शांताक्कांना सांगितले. त्या बावीस वर्षे इथे परिचारिका आहेत. तसबिरीपुढचा बिल्ला उचलून त्यांनी रांगेत पहिल्या असलेल्या गंगाक्कांना दिला.

गंगाक्का कोगनोळीच्या, वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण. आत येऊन त्यांनी बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो देवाचा हाय. मला नको."

"आजपासून तो रुग्णांचा, आक्का. बसा."

"न्हाय बसत. देवाचं घिऊन मी कुठं फेडू?"

"मग हा कुणाला देऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच घ्या की. त्वांड बघा कसं उतरलंय. आमास्नी सांगतासा, दुखणं अंगावर काढू नका, आन् तुम्ही काय करतासा?"

दार उघडेच होते. बाहेरून कुणीतरी ओरडले, "शांताक्का, डाक्टरास्नी एक सुई टोचा, आमच्या वाटची!" सगळे हसले. मीही हसलो. गंगाक्का मात्र दारातच उभ्या राहिल्या, मागे रांग अडली. शांताक्का म्हणाल्या, "आज्जी हलायच्या न्हाईत, साहेब. पाच मिनिटं निजा. मशीन लावते."

रांग सुटावी, एवढ्याच हेतूने मी आडवा झालो.

ईसीजीचा कागद बाहेर आला आणि मी तो वाचला. तो दुसऱ्या कुणाचा असता, तर मी नातेवाइकांना बाजूला बोलावले असते. रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन चघळले. तरीही मी म्हणालो, दोन-तीन रुग्ण बघून निघू. शांताक्कांनी माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, खणात ठेवला, खणाला कुलूप लावले. "आता तुम्ही पेशंट. बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि रुग्णवाहिकेला फोन केला.

रुग्णवाहिकेने कोगनोळीचा नाका ओलांडला तेव्हा मी छताकडे पाहत पडून होतो. पुढे काय काय बिघडू शकते, याची सगळी यादी मला पाठ होती. ती मनात सुरू झाली आणि कुठेतरी मधेच थांबली. करण्यासारखे माझ्या हातात काही उरले नव्हते. तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो होतो, आता आमच्यावर सोपवा. सोपवणे म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळले. हात पोटावर होते. ते मी जोडले. मागितले काहीच नाही.

कोल्हापुरात दुपारी स्टेंट बसला. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्या दिवशी रात्रीपर्यंत काम करण्याचा माझा बेत होता.

सहा आठवड्यांनी दवाखाना उघडला. गंगाक्का आल्यावर मी विचारले, त्या दिवशी तुम्हाला काय दिसले होते?

"मला काय दिसतंय? डोळ्यात मोतीबिंदू हाय. देवाचा नंबर घ्यायला भ्या वाटलं, म्हणून आपलं म्हटलं."

मी त्यांच्या पाया पडलो. "आता ह्ये आनि काय?" म्हणत त्या मागे सरकल्या. या गोष्टीचा अर्थ मी अनेकदा लावून पाहिला आणि सोडून दिला. कृतज्ञता वाटते, ती अर्थावाचून वाटते.

आता दुपारी एक वाजता दवाखाना बंद होतो. मी घरी जेवतो आणि संध्याकाळी शेताच्या बांधाने चालून येतो. एक नंबरचा बिल्ला पुन्हा तसबिरीपुढे असतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शांताक्का तो माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळतात.

या सोमवारी माझा रक्तदाब एकशे चोवीस बाय ऐंशी होता. नोंदवहीत तो एक नंबरला लिहिला आहे. दोन नंबरला गंगाक्का होत्या. त्यांचा वरचा आकडा एकशे सत्तर होता. गोळ्या संपून चार दिवस झाले होते.