कमरेचा दोरा

आमच्या जालन्यात एमआरआय काढणारा एक माणूस आहे, तो 'गॅप' शब्दावर चिडतो. "मणक्यात गॅप पडला," असं पेशंटनं म्हटलं, की तो वसकन म्हणतो, "गॅप पाह्यजेच! त्यातच गादी असती. गादी सरकली की नस दबती."

परवा मी माझ्या रिक्षातून टेंभुर्णीचा एक मेंढपाळ म्हातारा त्याच्याकडे नेला. मशीनजवळ धातू चालत नाही, पण म्हातारा चांदीचा करदोडा सोडीना. "कंबर मोकळी मेल्यावर करतेत," म्हणाला.

एमआरआयवाला चिडला नाही. ड्रॉवरातल्या रिळाचा काळा दोरा त्यानं आधी म्हाताऱ्याच्या कमरेला बांधला, मगच करदोडा सोडला.

एमआरआय झाल्यावर म्हाताऱ्यानं करदोडा परत घातला, तसा एमआरआयवाला काळा दोरा कापायला वाकला. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. तुमी बांधलाय."