नात्यातलं गिऱ्हाईक

आमच्या उदगिरात गिऱ्हाईक भरपूर मिळतं. फक्त दुकानात शिरल्यावर अर्ध्या तासात त्याचा नातेवाईक होतो.

घराच्या पुढच्या खोलीत मी साड्यांचं दुकान काढलं, तेव्हा आमच्या ह्यांनी दारात उभं राहून भाषणच केलं. त्यांची धान्याची आडत आहे. "माझी तूर ठेवायला जागा न्हाई, अन् तू साड्या टांगून राहिलीस! लग्नसराई संपायच्या आत एक मोठी ऑर्डर दाखव. न्हाईतर खोलीत पोती!"

"मंजूर!" मी म्हणाले. (आवाज महाराणीचा लावला होता.)

आणि आली की हो ऑर्डर! अर्धापूरच्या एक बाई गाडीतून उतरल्या. केळीची बागायत, मुलाचं लग्न, आहेराला ढीगभर साड्या हव्या होत्या. सासूबाईंना मी आधीच बजावलं होतं, "गिऱ्हाईकाला माहेर विचारायचं नाही!" त्या बिचाऱ्या तोंडाला पदर लावून आत बसल्या.

साड्या निवडून झाल्या. आता फक्त घासाघीस उरली होती. बाई म्हणाल्या, "काहीतरी कमी करा की." आणि माझी ही जीभ! सवयीने वळलीच.

"करते हो. माहेर कुठलं तुमचं?"

"निलंगा."

"अगंबाई! निलंग्यात कुणाच्या?"

पाच मिनिटांत उलगडा झाला. बाई माझ्या मोठ्या नणंदेच्या सख्ख्या जावेची बहीण निघाल्या! मला आनंदाचं भरतं आलं. बाईंनी मात्र साड्यांवरचा हात तापल्या तव्यावरून काढावा तसा काढला.

"मग तर अवघड झालं, वहिनी. तुमच्याशी भाव कसा करू? केला तर तुमच्या नणंदेला सासरी बोलणी बसतील. न्हाई केला तर आमचे घरी मला बोलतील! मी आपली दुसरीकडं बघते."

"अहो, बिनधास्त भाव करा!"

"छे छे! घरच्या माणसाशी?"

तेवढ्यात आतून सासूबाई हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन प्रकटल्या. "पाव्हणी पहिल्यांदाच उंबरा चढली, रिकामी कशी धाडायची?" असं म्हणून त्यांनी दुकानातली सगळ्यात भारी साडी काढली आणि बाईंची ओटी भरली. ऑर्डर गेली ती गेली, वर साडीही गेली!

त्या दिवसापासून ह्यांनी माप घ्यायची टेप खिशात ठेवली. येता-जाता खोलीत किती पोती बसतील ते मोजायचे.

लग्नसराई सरत आली, तेव्हा देगलूरहून एक बाई आली. लेकीचं लग्न, साड्याही अर्धापूरच्या बाईंइतक्याच. त्या दिवशी माझी आई नांदेडहून आली होती आणि पंख्याखाली बसून साड्या उलगडून बघत होती. मी ओठ गच्च मिटून घेतले. पण देगलूरकरीण काही कमी नव्हती!

"ताई, तुमचं माहेर कुठलं हो?"

मला समोर तुरीची पोती दिसली. "मला माहेरच नाही," मी म्हणाले.

आईचे हात थांबले. चष्म्यावरून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी खाल्लेले सगळे धपाटे पाठीला आठवले. मग ती शांतपणे उठली, एक साडी उचलली आणि परक्या आवाजात म्हणाली, "काय हो बाई, ही कितीला?"

मी घाबरत भाव सांगितला.

"एवढ्याला? लुटता काय गरिबाला!" आणि तिने नेमका माझ्या खरेदीचा भाव मागितला. (तो मीच तिला सकाळी मोठ्या कौतुकाने सांगितला होता!) मी डोळ्यांनी खुणा केल्या.

"डोळे काय मिचकावता? द्यायची तर द्या, न्हाईतर चालले!"

ओळख ना पाळख! माहेरच नाही म्हटल्यावर आईशी भांडणार तरी कशी? दिली!

देगलूरकरीण टुणकन उठली. "हाव, मग मला पण सगळ्या ह्याच भावात लावा!"

ऑर्डर झाली. खोली वाचली. संध्याकाळी जेवताना ह्यांनी हात टेकले. "मानलं बुवा तुला! पोती ठेवत न्हाई. पण नफा किती सुटला?"

मी ताटात मान घातली. उत्तर स्वयंपाकघरातून आलं, आईच्या अगदी खऱ्या आवाजात.

"नका विचारू, जावईबापू. पोरीला माहेर न्हाई, निदान सासर तरी राहू द्या!"