पितळी हंस कुणाच्या गळ्यात

मनिलाच्या दुकानावर पाठवायला व्यापाऱ्याला एकच माणूस हवा होता, आणि शिकायला आम्ही पाच जण बसलो होतो. मनिलात राज्य स्पेनचं, तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलायचं तर स्पॅनिशच. कुंभकोणमला त्याच्या रेशमाच्या वखारीच्या माडीवर सकाळी वर्ग भरे. गुरुजी तामिळ, मनिलात वीस वर्षं कारकुनी करून आलेले.

मी साताऱ्याकडचा, चौथीत शाळा सोडलेला. निघताना थोरला भाऊ म्हणाला होता, "हेही जमलं नाही तर इकडं तोंड दाखवू नकोस." त्यामुळं गुरुजींनी मला घेतलं याचेच उपकार वाटत. रोज वाकून नमस्कार करी. खोटं कशाला सांगू, आजही मनात करतो.

वर्गात स्पॅनिश सोडून एक शब्द निघाला की गळ्यात हंस. जवळच्या नाचियार्कोविल गावच्या समईवरचा, ओतताना बिघडलेला पितळी हंस, सुतळीत ओवलेला. तो उतरवायचा तर दुसऱ्याला बोलताना पकडायचं. वर्ग सुटताना ज्याच्या गळ्यात तो, त्याला छडी. तिसऱ्या खेपेला कायमचं घरी.

पंधरा दिवसांत तिघे गेले. उरलो मी आणि इथलाच एक मराठी, पिढ्यान्पिढ्या तंजावर मुलखात राहिलेल्या घरातला. दोघांच्याही दोन-दोन खेपा झालेल्या. वर्गाबाहेर माझं बोलणं ऐकून तो हसे, "तुझी मराठी म्हणजे सुटलेला बैल रे! थोडी थांबव तरी." मी दुपारी नुसतं पाणी पिऊन राहतो हे त्याच्याच ध्यानात आलं. हाताला धरून घरी नेलं, आईला म्हणाला, "आपल्या मुलुखाकडला आहे, वाढ यास." तेव्हापासून माझं जेवण तिथंच.

त्या दिवशी पेटी पायावर पडली आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. हंस माझ्या गळ्यात. वर्ग सुटायला थोडाच वेळ होता. तो ओठ घट्ट मिटून बसलेला, माझ्याकडंच बघत होता. आपण वाचलो याचा आनंद नव्हता त्याच्या तोंडावर.

त्याच्या घरी "जातो" म्हणणं कुणी खपवून घेत नसे. उंबऱ्यात कुणी तसं म्हटलं की तो धावत जाऊन परत बसवी आणि "येतो" म्हणवून घेई. मी उठलो. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्याच्याकडं वळून म्हणालो, "मे वोय. नो बुएल्बो." जातो. परत येत नाही.

तो झटकन उठला. माझी बाही धरली. "असें बोलूं नये रे! येतों म्हण!"

मी सुतळी काढली. त्यानं मान खाली केली, मला घालायला सोपं जावं म्हणून.

गुरुजी खुशीत हसले. "मुय बिएन! शाबास. हा माल विकेल." त्याला छडी मारताना त्यांनी मला मोजायला लावलं, स्पॅनिशमध्ये. मी न चुकता मोजलं. मग त्यांच्या पाया पडलो.

तो वखारीतून उतरून नदीकडं निघून गेला. मी नेहमीच्या वेळी त्याच्या घरी गेलो.

"तो कोठें राहिला रे?" आईनं विचारलं.

"गुरुजींनी थांबवून घेतलंय."

"बरें. तूं तर बस. पान घेतें."

मी बसलो. आमटी-भात झाला, ताक-भात झाला. तिनं पातेलं उचलून पाहिलं, त्याच्यापुरता भात उरला होता.

"आणीक वाढूं?"

"वाढा," मी म्हणालो.