रामोजीमामांकडे पॉइंट मागणे

भाड्याच्या घरात सामानापेक्षा किस्से भराभर साठतात. आमच्या तंजावरकडच्या मेलकावेरीतल्या घरात तर प्रत्येक स्विचमागे एक किस्सा आहे, आणि जिथे स्विच हवा होता पण मिळाला नाही तिथे दोन! त्यातून या उन्हाळ्यात कल्याणीसाठी एसीचा पॉइंट मिळवायला आम्ही सगळे भाडेकरू मामांच्या मागे लागलो, ते तर विचारूच नका.

मामा म्हणजे आमचे घरमालक रामोजीराव. तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या घराण्यातले. पुढे ते आणि रुक्मामामी राहतात, बाकीचे पोर्शन आम्हा भाडेकरूंना.

*

आम्ही साताऱ्याहून नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलो. माझं पहिलं वाक्य ऐकूनच मामा खुर्चीतून उठले.

"हव्व! तुम्ही मराठी काय? या, बसा. काप्पी पिऊं."

कॉफी पिता पिता मी सांगून टाकलं, स्वयंपाकघरात मिक्सरला प्लग नाही, एक पॉइंट काढून द्या. मामांनी कप खाली ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "नको."

शेजारच्या पोर्शनमधले श्रीधरन बाहेर वाटच बघत होते. ते म्हणाले, "तुम्ही नशीबवान. तमिळमध्ये मागितलं तर लगेच नाही म्हणतात. तुम्हाला निदान कॉफी तरी मिळाली."

त्या दिवसापासून सगळ्यांच्या मागण्या घेऊन मीच जायला लागले. पदरात पॉइंट काही पडेना, पण कॉफी मात्र कधी चुकली नाही.

*

मग आमच्या हॉलमधल्या पंख्याची गोष्ट. छताला चांगला जाडजूड हूक होता. मी म्हटलं, नुसती वायर ओढायची आणि पंखा टांगायचा, यात मामा काय नाही म्हणणार?

"तो हूक ऊंजलाचा," मामा म्हणाले. इकडे झोपाळ्याला ऊंजल म्हणतात.

"पण मामा, झोपाळा कुठाय?"

"थोरल्या भावानें नेला."

"कधी?"

"मी शाळेंत असतां. आणून देतों म्हणाला आहे."

शेवटी मी टेबलफॅन आणला. तो बघायला मामा मुद्दाम आले, समोर उभं राहून वारा घेतला आणि म्हणाले, "पाहा, खालीं ठेविला तरी वारें वर जातेंच कीं."

*

श्रीधरनना हवी होती साधी दारावरची बेल. त्यांचं दार आतल्या बाजूला, कुरिअरवाला हाका मारून मारून निघून जायचा. मी वकिली केली. आणि काय आश्चर्य, मामा चक्क हो म्हणाले! श्रीधरन आनंदाने मला मिठाई देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतः बेल लावली. देवघरातली जुनी पितळी घंटा, दोरीसकट.

तेव्हापासून श्रीधरनकडे येणारा प्रत्येक माणूस आधी घंटा वाजवतो, चप्पल काढतो आणि मग नकळत हात जोडतो. गॅसवालासुद्धा. श्रीधरनना आता ते आवडायला लागलं आहे.

*

शनिवारी संध्याकाळी मामांकडे विठ्ठलाचं भजन असतं. गोविंदपुरम्‌हून मंडळी येतात. माईक, स्पीकर, मामांचा मोठा पंखा, सगळं एका फ्यूजवर. त्यात एकदा श्रीधरनच्या बायकोने इडलीचा ग्राइंडर लावला आणि ऐन अभंगात घरभर अंधार झाला.

मी लगेच डाव साधला. "बघा मामा, म्हणून म्हणते, प्रत्येक पोर्शनला वेगळा फ्यूज हवा."

"कां म्हणून? माईक गेला, तेव्हां अस्क लोक गाऊं लागले. इतके दिवस नुसते टाळ वाजवीत होते." अस्क म्हणजे सगळे.

खरं सांगायचं तर भजन त्या दिवशी फारच रंगलं. मीही गात होते, त्यामुळे पुढे भांडता आलं नाही.

*

आता एसी. वरच्या पोर्शनमध्ये कल्याणी आणि प्रभू हे तरुण जोडपं राहतं. प्रभू आडुतुरैला नोकरीला. कल्याणीला दिवस गेलेले, आणि वर उन्हाने गच्ची तापलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिला आई नाही, त्यामुळे ती इथेच राहणार होती. घामाने पोरीचा चेहरा उतरून जायचा. मला बघवत नव्हतं. प्रभूने एसी विकत आणला, पाइपला भिंतीत भोक पाडायला मुरुगेसन इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि परवानगीसाठी मला खाली पाठवलं.

मी तावातावाने बोलले. या पोरीसाठी तरी एवढं कराच, म्हटलं. मामांचे डोळे पाणावले.

"तिच्यासाठींच नको म्हणतों. घरांत गर्भिण असतां भिंतीस भोंक पाडूं नये. खिळाही ठोकूं नये."

म्हणजे जिच्यासाठी एसी हवा, तिच्यामुळेच एसी लागणार नाही! मी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात रुक्मामामी आतून म्हणाल्या, "भोंक नको तर नको. आमच्या खोलींत एसी आहे न? जांवयानें लाविलेला?"

त्या दुपारीच मामा उशी आणि पानाचा डबा घेऊन वर राहायला गेले, मागून मामी. कल्याणी खाली आली आणि गार हवेत लहान मुलासारखी गाढ झोपली.

सकाळी मी विचारलं, "मामा, वर झोप लागली?" ते पान लावायला बसले. उशी मात्र गच्चीवर पिळून वाळत घातलेली दिसली.

त्याच दिवशी मामांनी मुरुगेसनला बोलावलं आणि वरच्या भिंतीवर पेन्सिलीने गोल काढून घेतला. "खूण चालते," ते मला म्हणाले. मुरुगेसन मग जाता-येता डोकावून मामांना विचारायचा, "आज पाडू?"

"मला काय विचारतोस? बाळास विचार."

कल्याणीला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या सकाळी मामा वरच्या जिन्यात फोन घेऊन बसले. मामी देवापुढे. मुरुगेसनला कुणी सांगितलं देव जाणे, तोही येऊन भिंतीपाशी उभा. फोन वाजला, मामांनी स्पीकर लावला.

"मामा, मुलगी!" प्रभू म्हणाला.

"दोघी बऱ्या आहेत न?"

"बऱ्या आहेत मामा. कल्याणी म्हणते, तुम्हालाच पहिल्यांदा सांग..."

पुढे प्रभू बरंच काही बोलत होता, पण आम्हाला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मामांनी हात वर केला होता आणि मुरुगेसनने ड्रिल सुरू केलं होतं.