कुहीचे कच्चे शिंपले

सत्तरच्या दशकातला एप्रिल. सकाळच्या एस.टी.ने नागपूरहून कुहीकडे निघालो. मांडीवर बर्फाचा डबा होता, आणि दर थांब्यावर मी झाकण उघडून बघत होतो.

नदीकाठचे चुनेवाले शिंपल्यांतले मांस फेकून देत आणि कवच भट्टीत जाळत. त्या मांसातून आमच्या प्रयोगशाळेला कोलॅजेन, म्हणजे कातडी आणि सांधे घट्ट धरणारे प्रथिन, काढायचे होते.

भट्टीवर भागाबाई भेटल्या. "फेकाची वस्तू तुमाले काहून (कशासाठी) पायजे?"

मी सांगितले. त्या हसल्या. "मंग माह्या गुडघ्याले लावा ना थोडं!"

शिंपले उकळत्या पाण्यात टाकले की आपोआप उघडतात. तिथली पद्धत तीच. पण उष्णतेने कोलॅजेन विरते, म्हणून मला कच्चे हवे होते.

"कच्चा तोंड नाही उघडत गा, बोट कापते," म्हणत त्यांनी दुपारपर्यंत सुरीने एकेक उघडला. बोट खरेच दोनदा कापले. मग भाकर आणि झिंग्यांची चटणी वाढत म्हणाल्या, "हे काम लागलं तं दर आठवड्याले काढून देईन. भट्टीच्या धुरातून तं सुटीन."

परतीची गाडी भरलेली. डबा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर, इंजिनाच्या झाकणावर ठेवला आणि मला झोप लागली. नागपूरला उतरलो तेव्हा डब्याला हात लावता येत नव्हता. कुणाला न सांगता मी तो प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये सरकवला.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्या मांसाचा अर्क काचेच्या नळीतून सोडला. मधासारखा सावकाश उतरायला हवा होता, पाण्यासारखा धावला.

"बाईने उकळले काय?"

"हो सर. त्यांची पद्धतच आहे तशी."

अहवालात तेच गेले. कुहीचा माल बंद झाला, आणि तसे सांगायला मलाच पुन्हा पाठवले.

"पण भाऊ, तुमच्यासमोरच तं काढले ना मी!" भागाबाई म्हणाल्या.

"हो."

"मंग सायबाले सांगा ना तसं."

"सांगतो," म्हणालो. परतताना गाडीत जागा होती, तरी नागपूरपर्यंत उभाच राहिलो. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत गेलो आणि घरी वळलो.

सर आता नाहीत. अहवाल आहे, आणि त्यात माल उकळलेला होता असे छापले आहे. ते खोटे आहे. भागाबाईंनी प्रत्येक शिंपला कच्चाच उघडला होता. तापवला तो मी.