मुखपृष्ठावरची नवी ओळ
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली बेंगळुरूमधली ती प्रयोगशाळा आठवते. तिथले तांत्रिक अहवाल लाटेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत, संस्थेच्या ठरलेल्या टेम्प्लेटमध्ये बसवायचं काम माझ्याकडे होतं. मुखपृष्ठावर फक्त शास्त्रज्ञांची नावं येत. आनेकलहून रोज बसने येऊन सगळी मोजमापं घेणाऱ्या अक्का निवृत्त होत होत्या, आणि त्यांच्या शेवटच्या अहवालावरही त्यांचं नाव नव्हतं. मोर्चांमध्ये पत्रकं वाटतच वाढलेली मी, टेम्प्लेट सांभाळणाऱ्या बेळगावकडच्या सरांपुढे जाऊन कडाडले, "सर, हा अन्याय आहे!" "स्वल्प बस की गं, भाषण मागनं कर," ते म्हणाले. "एकटीचं नाव घुसडलीस तर वरचे काढून टाकतील." मग त्यांनी टेम्प्लेटच उघडलं आणि त्यात 'मोजमाप' अशी नवी ओळ घातली. ती रिकामी ठेवली तर एरर येऊन कुणाचाच अहवाल छापला जाणार नव्हता. दुपारी त्या अहवालाचे शास्त्रज्ञ तणतणत आले. "छपाई अडलीय! इथे काय भरायचं?" "मोजमापं कुणी घेतली, त्यांचं नाव," मी म्हणाले. "अक्कांनी," ते म्हणाले आणि थबकले. "इतकी वर्षं नुसतं अक्काच म्हणत आलो. थांब, पूर्ण नाव विचारून येतो." आजही पत्रक लिहिताना माझा आवाज चढतोच, तेव्हा मला अक्कांचं नाव विचारायला घाईघाईने जिना उतरणारे ते शास्त्रज्ञ दिसतात.