शेवळं आणि काकडं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अब्बांचं पाड्यावर जाणं माझ्यामुळे थांबलं.

काल दादरच्या बाजारात एका आदिवासी बाईच्या टोपलीतून शेवळांचा, त्या पावसाळी रानभाजीचा, ओला, मातकट वास आला आणि मी थेट तीस वर्षं मागे गेलो. अब्बा परळहून डहाणूकडच्या वारली पाड्यावर दीनाबद्दल, म्हणजे आमच्या धर्माबद्दल, बोलायला जायचे. एकदा मीही सोबत होतो. आधी ते चुलीपाशी बसून एका आजीकडून शेवळं रांधायला शिकले. मग अंगणात येऊन जमलेल्यांना म्हणाले, "काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय शेवळं खाल्ली, तर घसा खाजतो. रागाचंही तसंच. अल्लानं सबुरी दिलीय ती त्यासाठीच."

आजी म्हणाली, "मौलवी, आमचीच भाजी आमालाच वाढतोस होय रे?"

"मग चव ओळखीची लागेल ना, आजी!"

अंगण खळखळून हसलं आणि नंतर गप्प होऊन ऐकत राहिलं.

मी नुकताच मदरशातून शिकून आलेलो. मला लाज वाटली. मशिदीतल्या वडीलधाऱ्यांना जाऊन सांगितलं, "अब्बा कुराणातली आयत सोडून भाजी सांगतात." त्यांनी अब्बांना पाठवणं बंद केलं. तक्रार कुणी केली, ते अब्बांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, मशिदीत मी बोलतो, तेव्हा लोक घड्याळ बघतात. त्या अंगणातून कुणी उठलंही नव्हतं. असं बोलणारा माणूस माझा बाप होता, या विचारानं आज ऊर भरून येतो.

अब्बा पुन्हा का आले नाहीत, हे त्या पाड्यावर जाऊन मला अजून सांगायचं आहे.